गादीच्या पोटात काय आहे, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत गाद्यांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. दोन उशा मोफत, जुनी गादी द्या नवी घ्या, १० वर्षांची वॉरंटी, शून्य व्याजाचे हप्ते, सगळे ठळक अक्षरांत असते. गादीच्या आत कोणता थर किती इंचांचा आहे आणि त्याची घनता किती, एवढेच नेमके नसते. ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळपर्यंत दुकानांत हाच प्रकार. ७८ बाय ६० मापाच्या, ६ इंच जाडीच्या, वरून सारख्याच पांढऱ्या शिवणीच्या दोन गाद्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. किमतीत दोन-अडीच हजारांचा फरक. दोन्हींवर ‘ऑर्थो’ लिहिलेले. फरक काय विचारला तर उत्तर ठरलेले: ‘ही जरा प्रीमियम आहे.’

गिऱ्हाईक मग तळव्याने दोन्ही गाद्या दाबून पाहते, काठावर दोनदा बसते आणि मऊ लागली ती घेते. कलिंगड वाजवून घेण्याइतकाही अर्थ या परीक्षेला नाही. तळव्याला कळतो तो फक्त वरचा इंचभर थर, म्हणजे कापडाला लावून शिवलेला मऊ फोम. हा थर गादीतला सर्वांत हलका, स्वस्त आणि सर्वांत आधी दबणारा. पाठीला आधार देतो तो खालचा चार-साडेचार इंचांचा गाभा, आणि हाताने दाबून त्याचा पत्ता लागत नाही.

दुकानात विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच असा: वरून खालपर्यंत थर कोणते, प्रत्येकाची जाडी किती, घनता किती? घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. ‘३२ डेन्सिटी’ म्हणजे घनमीटरला ३२ किलो. गाद्यांत साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम २८ ते ३२ चा सर्रास असतो, ४० चा चांगला समजावा. एचआर, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळणारा फोम, गाभ्यासाठी निदान ४० चा हवा. मेमरी, म्हणजे अंगाच्या दाबाने हळू दबणारा आणि सावकाश वर येणारा फोम, ५० च्या आसपास किंवा वर असला तर टिकतो. रिबॉन्डेड, म्हणजे फोमच्या कातरणीचा चुरा चिकटद्रव्याने दाबून केलेली लादी, साधारण ८० ते १२० ची असते. तिचा आकडा मोठा म्हणून ती आपोआप चांगली, असे मात्र नाही. जात वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना होत नाही.

विक्रेत्याने आकडा सांगितला तरी तो खरा कशावरून? इथे वजनकाटा उपयोगी पडतो, आणि गिऱ्हाइकाच्या हातातले हे जवळजवळ एकमेव हत्यार आहे. लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणा आणि ६१,००० ने भागा, घनमीटर मिळतात. ७८ बाय ६० बाय ६ ची गादी ०.४६ घनमीटरची भरते, म्हणजे दर इंच जाडीला सुमारे ०.०७७ घनमीटर. ४० डेन्सिटीचा एक इंच थर ३ किलोच्या किंचित वर, ३२ चा अडीच किलोच्या आत, ५० च्या मेमरी फोमचा इंच ३.८ किलो आणि १०० च्या रिबॉन्डेडचा इंच ७.७ किलो.

आता दुकानातल्या त्या दोन सारख्या गाद्या घ्या. पहिली, सांगण्यानुसार, वर १ इंच शिवणीतला मऊ फोम, त्याखाली १ इंच मेमरी, खाली ४ इंच ४० डेन्सिटीचा एचआर. हिशेब: दीड अधिक ३.८ अधिक १२.३, कापड व खोळीचे दोनेक किलो, एकूण १९ ते २० किलो. प्रत्यक्षात ती १४-१५ किलो भरली, तर गाभा ४० चा नाही, २४ च्या आसपासचा आहे, किंवा गाभा ३० च्या आसपासचा असून शिवाय मेमरीचा थरही इंचभर नाही, पाव-अर्धा इंच आहे. दुसरी गादी १ इंच शिवणीतला फोम, १ इंच ३२ चा पीयू आणि ४ इंच १०० चा रिबॉन्डेड अशी सांगितली, तर ती ३६-३७ किलो भरायला हवी. २८ किलो भरली तर रिबॉन्डेड १०० चा नसून सत्तरीतला आहे आणि मधोमध लवकर बसणार आहे. दोन-तीन किलो इकडेतिकडे सोडून द्यावेत. कापड जाड-पातळ असते, मापात अर्धा इंच कमीजास्त निघतो. पाच-सात किलोंची तूट मात्र मापाने समजावता येत नाही.

वजन करायला फार खटाटोप नाही. गुंडाळी करून आलेल्या गादीच्या खोक्यावर कुरियरची चिठ्ठी असते, तिच्यावर वजन छापलेले असते. पण ते कधी कधी खोक्याच्या आकारावरून धरलेले वजन असते, म्हणून नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. प्रवासी बॅगा तोलायचा ५० किलोपर्यंतचा टांगता काटा किंवा घरातला उभे राहायचा काटा पुरतो: एकदा आपण एकटे, एकदा गुंडाळी उचलून, वजाबाकी करा. दुकानात सपाट ठेवलेली गादी असेल तर गोदामातला काटा मागा. बड्या दुकानांत माल पाठवण्यासाठी तो असतोच. ‘गादी काय किलोवर विकतात का?’ असे कुणी हसून म्हटले तर हसू द्यावे.

एक पळवाट इथेही आहे आणि ती माहीत असलेली बरी. फोम बनवताना त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीची भुकटी, मिसळून वजन वाढवता येते. आकडा ४० भरतो, पण रसायनाचा खरा फोम तेवढा नसतो. असा फोम निर्जीव लागतो, दाबून सोडल्यावर आळसावून वर येतो, कडेचा तुकडा दोन बोटांत चोळला तर पांढरट भुकटी लागते आणि काही महिन्यांत खळगा धरतो. खोळीला चेन असेल तर ती उघडून दाखवायला सांगा. शुद्ध एचआर फोमवर मूठ दाबून काढली की तो मुठीमागोमाग वर येतो. चेन नसेल आणि दुकानदार उघडायलाही तयार नसेल, तर दोन सारख्या गाद्यांतली चेन असलेली घ्यावी, इतका हा मुद्दा मोठा आहे. दुकानात मांडलेला काचेआडचा कापीव नमुना मात्र पुरावा मानू नये. तो बहुतेकदा वरच्या मॉडेलचा असतो.

घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हे सर्वांत जास्त गोंधळ घालणारे प्रकरण. घनता सांगते गादी किती काळ टिकेल. कडकपणा सांगतो ती आज किती दबेल. ४० चा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. कडकपणा मोजायची रीत अशी की १५ इंच चौरस, ४ इंच जाड तुकड्यावर ५० चौरस इंचांची गोल तबकडी ठेवून तो एक चतुर्थांश दाबायला किती बळ लागते ते पाहायचे. फोमच्या कारखान्यात हा आकडा असतो, गिऱ्हाइकापर्यंत तो येत नाही. त्याच्या जागी येतात ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘फर्म’ हे शब्द, आणि एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा फर्म असू शकतो. म्हणून दोन वेगवेगळ्या नावांच्या गाद्यांची तुलना या शब्दांवर करू नये.

‘ऑर्थो’ या शब्दाचेही तेच. त्यामागे कोणतीही ठरावीक घडण नाही. बाजारात त्याचा अर्थ फक्त ‘कडक’ असा झाला आहे आणि कंबरदुखीला कडक गादीच हवी हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ प्रौढांना काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली आणि ९० दिवसांनी पाहिले. झोपताना, उठताना होणारी वेदना आणि दैनंदिन हालचालींतली अडचण या दोन्हींत मध्यम कडक गादीवाल्यांची स्थिती अधिक सुधारलेली होती. फळीसारखी कडक गादी कंबरेखाली पोकळी सोडते. मग कंबरेचे स्नायू रात्रभर ताठ राहतात. अति मऊ गादीत ढुंगणाचा भाग, जो शरीरात सर्वांत जड, तोच खाली जातो आणि पाठीचा कणा झोळीसारखा होतो. आधार म्हणजे कणा सरळ राहणे आणि आराम म्हणजे खांदा-कुल्ल्यावर टोचणी न होणे. पहिले काम गाभ्याचे, दुसरे वरच्या दोन इंचांचे. दोन गाद्यांत गाभा सारखाच असेल तर उरलेला निर्णय या वरच्या दोन इंचांचा असतो, आणि तो झोपून पाहिल्याशिवाय होत नाही.

झोपून पाहायचे ते नीट पाहावे. चप्पल-बूट काढा, घरची उशी किंवा तेवढ्याच उंचीची उशी घ्या आणि रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर निदान १० ते १५ मिनिटे पडून राहा. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक गादी चांगलीच वाटते. पाठीवर झोपून कंबरेखाली हात सरकवा: सहज आरपार गेला तर गादी कडक, अजिबात शिरला नाही तर मऊ, थोडा अडत गेला तर ठीक. कुशीवर झोपलात की सोबतच्या माणसाला मागून फोटो काढायला सांगा. मानेच्या हाडापासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसायला हवी. खांद्याला मुंग्या आल्या तर वरचा थर अपुरा. कुस बदलताना जोर लावावा लागला तर मेमरीचा थर तुम्हाला जास्त आहे. आणि नवरा-बायको दोघांनीही एकाच वेळी झोपून पाहावे, यात लाज कसली? ५० किलोच्या माणसाला कडक लागणारी गादी ८५ किलोच्या माणसाला मध्यम लागते. वजनात एवढे अंतर असेल तर ३० किंवा ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या जोडून वर एकच दीड-दोन इंचांचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ थर, घालणे हा किफायतशीर मार्ग आहे. मधली फट टॉपरखाली लपते.

आता आपल्या हवेचा मुद्दा, जो परदेशी माहिती वाचून कळत नाही. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, थंडीने आखडतो. शोरूममध्ये एसी २२-२४ अंशांवर असतो. तिथे जी गादी छान घट्ट लागली तीच मे महिन्यात पंख्याखाली, खोलीत तिशीच्या वर पारा असताना, एक दर्जा मऊ होते. घरात झोपायच्या खोलीत एसी नसेल तर मेमरीचा थर एका इंचापेक्षा जास्त घेऊ नये, आणि शोरूममध्ये किंचित कडक वाटेल ती निवडावी. उलट, रोज एसीत झोपणाऱ्याला सुरुवातीची दहा मिनिटे ती कडक वाटेल, मग अंगाच्या उबेने मोकळी होते. ‘कूलिंग जेल’चा गारवा पहिल्या थोड्या वेळाचा; जेल तापल्यावर त्याचे काम संपते. उकाड्याची खरी तक्रार असेल तर एचआर, लेटेक्स (रबराचा फोम) किंवा पॉकेट स्प्रिंग यांत हवा खेळते.

बाकी जातींबद्दल थोडक्यात. स्प्रिंगमध्ये बोनेल आणि पॉकेट असे दोन प्रकार. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे एक जण वळला की दुसऱ्याला हिसका बसतो. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत सुटी. तारेचा गेज उलटा चालतो, १३ गेजची तार १५ पेक्षा जाड. स्प्रिंगांची संख्या फक्त सारख्याच मापाच्या गाद्यांत ताडून पाहावी. काठावर बसल्यावर कडा किती दबते तेही पाहा. लेटेक्स उत्तम, महाग आणि जड. उन्हात मात्र कधीच टाकू नये, कोरडे पडून त्याचा भुगा होतो. कॉयर, म्हणजे रबराचे द्रावण मारलेला काथ्या, हवेशीर आणि कडक असतो. पण चार इंच कॉयर घडी घालून ठेवली की आतली लादी तडकते आणि काही वर्षांत काथ्याचा भुसा पलंगाखाली पडू लागतो. पिंजून केलेली कापसाची गादी अजूनही वाईट पर्याय नाही, पण तिला ऊन आणि दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी लागतो. टॉवरमध्ये राहणाऱ्याला गच्चीच मिळत नाही तिथे ऊन कुठून आणणार?

मापाची चूक सगळ्यांत महागात पडते. सुताराकडून करून घेतलेल्या पलंगाचे आतले माप ७२, ७५, ७८ यांपैकी काहीही असते आणि रुंदी ५९ इंचही निघते. टेप आतून, तिन्ही ठिकाणी, म्हणजे डोक्याशी, मध्ये आणि पायाशी लावा आणि गादी अर्धा इंच कमी घ्या. ठासून बसवलेली गादी मधोमध फुगते आणि मग ‘गादी खराब निघाली’ अशी तक्रार होते. मापानुसार बनवलेली गादी सहसा परत घेतली जात नाही, हे बिल करण्याआधी विचारून घ्यावे. उंचीही मोजा. पलंग आणि गादी मिळून जमिनीपासून १८ ते २० इंच असेल तर वयस्कर माणसाचे तळवे जमिनीला टेकतात आणि गुडघ्यावर भार न देता उठता येते. स्टोरेजचा पलंग मुळात १४ इंच असेल आणि त्यावर ८ इंचांची गादी आली की आजींना रात्री उतरताना पाय चाचपडावे लागतात. तिथे ६ इंचांची चांगल्या घनतेची गादी ८ इंचांच्या स्वस्त गादीपेक्षा शहाणपणाची. जाडी हे आधाराचे माप नाहीच. दोन इंच मऊ फोम वाढवून ६ ची ८ करणे कारखान्याला सर्वांत सोपे असते.

हायड्रॉलिक पलंग असेल तर वजनाकडे पुन्हा एकदा यावे लागते. त्याचे गॅसचे दांडे ठरावीक वजनासाठी बसवलेले असतात. २० किलोची गादी काढून ३७ किलोची रिबॉन्डेड टाकली की झाकण वर राहत नाही, हात अडकण्याची भीती असते. दांडे बदलून मिळतात, पण तो खर्च आधी धरावा. बॉक्सचा पलंग असला तर प्लायला भोके आहेत का ते बघा. नसतील तर सुताराकडून झोपण्याच्या भागात सात-आठ इंचांच्या अंतराने अर्ध्या-पाऊण इंचाची भोके पाडून घ्या. बंद प्लायवर अंगाचा घाम गादीतून खाली उतरतो, तिथे थंड होतो आणि जून ते सप्टेंबरात गादीच्या तळाशी काळी बुरशी धरते. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांतले अंतर तीन इंचांहून जास्त नको. फोम त्या फटींत उतरतो आणि गादीचा दोष नसताना खळगे दिसतात.

आणि ते प्लास्टिक काढा. नवी गादी पॉलिथिनसकट वापरायची ही आपल्या घरांतली सर्वांत जुनी खोड. आतला ओलावा बाहेर जात नाही, फोम भिजल्यासारखा राहतो आणि उष्णता व दमट हवा यांनी त्याचा कडकपणा लवकर उतरतो. त्याऐवजी पहिल्या रात्रीपासून पाणी न झिरपणारा पण हवा जाऊ देणारा प्रोटेक्टर घाला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी भिंतीला तासभर टेकवून पंखा लावावा, दर तीन महिन्यांनी डोके-पाय फिरवावेत. दोन्ही बाजू वापरायच्या असतील तरच उलटावी. वर मेमरी असलेली गादी उलटल्यास गाभा अंगाशी येतो. कापसासारखे फोमला ऊन दाखवू नये, तो पिवळा पडून चुरगळतो. गुंडाळी करून आलेली गादी उघडल्यावर तिला एक ते तीन दिवस फुलू द्यावे आणि पहिल्या रात्रीवरून निकाल देऊ नये. वास दोन-चार दिवसांत उडतो, खिडक्या उघड्या ठेवा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सपाट स्प्रिंगची ७८ इंची गादी बसते का, जिना चढवायचे हमालीचे पैसे कोण देणार, हेही आधी ठरवून घ्यावे.

आता १० वर्षांच्या वॉरंटीकडे. ती वाचली तर कळते की गादीवर कुणी झोपलेले नसताना ठरावीक खोलीचा, बहुतेकदा एक किंवा दीड इंचाचा, खळगा दिसला तरच तक्रार ग्राह्य. फोमने आधार सोडण्याची रीत मात्र वेगळी असते. गादी रिकामी असताना सपाटच दिसते आणि झोपल्यावर पूर्वीपेक्षा दोन इंच जास्त दबते. पाठीला त्रास होतो तो हाच, आणि तो वॉरंटीत बसत नाही. शिवाय डाग पडला की वॉरंटी संपली, पलंग ‘योग्य’ नसला की संपली, काही ठिकाणी पहिल्या काही वर्षांनंतर किमतीचा ठरावीक भाग आपणच भरायचा आणि वाहतूकही आपल्याच माथी. म्हणून दोन गाद्यांतली निवड वॉरंटीच्या वर्षांवर कधी करू नये. खळगा मोजायचा तर गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पडद्याचा सरळ दांडा आडवा ठेवा, खळग्यात पट्टी उभी धरा, आकडा दिसेल असा फोटो घ्या आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत प्रोटेक्टर काढून ठेवू नका. १०० रात्रींच्या ट्रायलची पण अट वाचावी: पैसे परत की बदलून, घरून उचलायचा खर्च कुणाचा, मापाप्रमाणे बनवलेल्यांना लागू की नाही.

हे सारे गिऱ्हाइकाने करायचे झाले. पण इतका खटाटोप त्याने का करावा? पाकिटावर उत्पादकाचे नाव, माप, एमआरपी, उत्पादनाचा महिना छापतातच. त्याखाली चार ओळी वाढवायला किती शाई लागते: थरांची नावे वरून खाली, प्रत्येकाची जाडी मिलिमीटरमध्ये, प्रत्येकाची घनता, आणि गादीचे एकूण वजन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. या चार ओळी नसतील तर दर्जा आणि प्रमाण कळणार कुठून? जे उत्पादक संकेतस्थळावर थर उघड करतात, त्यांनी तोच तपशील दुकानातल्या गादीवर चिकटवायला हरकत नसावी. उलट ज्या दुकानदाराचा माल चोख आहे, त्याचा यात फायदाच आहे; शेजारच्या हलक्या गादीशी आज त्याला भावात झगडावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या फर्निचर व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांपुरता तरी हा नियम करून दिवाळीपूर्वी दुकानात तसे फलक लावावेत.

तोवर बिलावरच लिहून घ्यावे. ‘६ इंच गादी’ एवढे नको. ‘७८ × ६० × ६, वर १ इंच शिवणीतला फोम, त्याखाली १ इंच मेमरी ५० डेन्सिटी, खाली ४ इंच एचआर ४० डेन्सिटी’ असे, दुकानाच्या शिक्क्यासह. लिहून द्यायला विक्रेता कुरकुरला, तर दोन गाद्यांतली कोणती घ्यायची नाही ते तिथेच कळते. बिलाशी माल जुळला नाही तर आधी दुकानाला आणि उत्पादकाला लेखी कळवावे, वजनाचा फोटो जोडावा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. त्यामुळे बिल, पाकिटावरचे लेबल आणि गादीच्या कडेला शिवलेली पट्टी, या तिन्हींचे फोटो गादी आली त्याच दिवशी काढून ठेवावेत. शिवलेली पट्टी धुण्यात पुसट होते आणि थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात कोरे पडते.

आपला,
एक वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)